मुंबईतल्या घराचं वर्ष: कुंड्या, विणकाम आणि मुलांसोबतची भटकंती. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागकामाची, विणकामाची बरीच माहिती थंड प्रदेशातल्या लोकांसाठी लिहिलेली असते. ती मुंबईत तशीच वापरली की मार्चमध्ये टोमॅटो लावले जातात आणि नोव्हेंबरात लोकर विकत घेतली जाते, म्हणजे दोन्ही उशिरा. इथे घरच्या कामांची वेळ पाऊस, दमट हवा आणि भरती-ओहोटी ठरवतात. पुढची उत्तरं त्या हिशेबाने दिली आहेत.

वर्षभराच्या कामांची सुरुवात कुठून धरायची?

पावसापासून. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनच्या आसपास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. मेच्या अखेरीस कुंड्यांच्या तळाची भोकं मोकळी करा, जड कुंड्या कठड्यावरून खाली घ्या, उरलेली लोकर हवाबंद डब्यात टाका. जूनमध्ये वेल लावा: दोडका, काकडी, कारलं, गोकर्ण. अळूचे कंदही याच सुमाराला. ऑगस्टमध्ये झेंडूचं बी पेरा आणि थंडीच्या विणकामाला हात घाला. बागेचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पालेभाज्या, टोमॅटो, शेवंती, सगळं याच पाच महिन्यांत. मार्च ते मे पाणी घालणं आणि सावली करणं एवढंच काम.

बाल्कनीत ऊन किती येतं हे एकदाच बघून चालेल का?

नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कलतो. म्हणून दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन पार खोलीपर्यंत येतं आणि मे महिन्यात कठड्याच्या आत जेमतेम शिरतं. उत्तरेच्या बाल्कनीचं उलट: थंडीत ऊन नाहीच, मे-जूनमध्ये थोडं मिळतं. घर बघताना दलाल ‘भरपूर ऊन’ म्हणतो तेव्हा महिना कोणता होता ते आठवा.

जमिनीवर खडूने खूण करून डिसेंबर आणि मे, दोन्ही महिन्यांत तास मोजा. सहा तास असतील तर टोमॅटो, मिरची, मोगरा, गुलाब. तीन-चार तास असतील तर पालेभाज्या, पुदिना, गवती चहा. त्याहून कमी असेल तर मनीप्लांट आणि शोभेची पानं लावा. तिथे मोगऱ्याचा हट्ट धरला तर पानंच पानं येतात, कळी येत नाही.

खिडकीच्या ग्रिलमध्ये किती कुंड्या ठेवता येतील?

वजनाचा हिशेब केल्याशिवाय एकही नाही. १२ इंची कुंडीत नुसती लाल माती भरून पाणी घातलं की ती २० ते २५ किलोची होते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलेली तीच कुंडी १२ ते १५ किलोत बसते. खोका ग्रिल भिंतीत ज्या बोल्टांवर उभी असते ते समुद्राच्या हवेने आतून गंजतात आणि रंगाखाली गंज दिसत नाही. ग्रिलमध्ये ८ इंचापेक्षा मोठी कुंडी नको, मोठ्या सगळ्या बाल्कनीच्या जमिनीवर, भिंतीलगत. कठड्यावर सुटी कुंडी कधीच ठेवू नका, पावसाळ्यातल्या वाऱ्यात तर नाहीच. खालून माणसं जातात.

खालच्या घरात गळती झाली की पहिला संशय कुंड्यांवर येतो आणि पुष्कळदा तो खरा असतो. कुंडी विटेवर किंवा स्टँडवर दोन इंच उचलून ठेवली की फरशी वाळते आणि सांध्यांत पाणी मुरत नाही.

नर्सरीतली लाल माती तशीच वापरली तर काय बिघडतं?

ती घट्ट बसते. लाल मातीतले बारीक कण पाण्याने खाली जाऊन थर धरतात, वरचा भाग विटेसारखा कडक होतो, पाणी कडेने वाहून जातं आणि मुळं मधे कोरडीच राहतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाणी तर रोज घालतोय.

मिश्रण असं करा: ४ भाग लाल माती, ३ भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, २ भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, १ भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. १२ इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे; महिनाभर सावलीत ठेवा, नाहीतर मुळं जळतील. कोकोपीटची वीट बादलीत भिजवून एकदा पाणी फेकून द्या, त्यात मीठ असतं.

पावसाळ्यात चांगली झाडं अचानक माना टाकतात. पाणी तर भरपूर असतं, मग?

भरपूर आहे म्हणूनच. मातीतली हवेची जागा पाण्याने भरली की मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. झाड तहानलेलं दिसतं, लोक आणखी पाणी घालतात. कुंडी हलवून बघा. जड असेल आणि पानं लोंबत असतील तर मूळकूज आहे.

कुंडी पावसाच्या माऱ्यातून आत घ्या, आडवी करून जास्तीचं पाणी निथळू द्या, तळाचं भोक सळईने मोकळं करा. झाड काढून काळी, बुळबुळीत मुळं कापा, पांढरी ठेवा, कोरड्या मिश्रणात परत लावा आणि वरचा एक तृतीयांश पाला कमी करा. ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर असेल तर लिटरला ५ ग्रॅम घालून एकदा ओता. तुळस, कोरफड, अडेनियम आणि जेड यांना जुलै-ऑगस्टमध्ये छताखालीच जागा द्या. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. बी धरलं की तिची पानं झपाट्याने कमी होतात.

जून ते ऑगस्ट खत देऊ नका. अर्धं पावसाबरोबर वाहून जातं, उरलेल्यावर बुरशी वाढते.

कुंडीखालच्या ताटलीमुळे पालिकेची नोटीस येऊ शकते का?

हो. पावसाळ्यात पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत घरोघरी येतात आणि कुंड्यांच्या ताटल्या ते पहिल्यांदा बघतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा थोड्याशा स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी ताटलीच्या काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. आठवड्यातून एकदा घासणीने कडा घासा. पावसाळ्यापुरत्या ताटल्या काढूनच ठेवल्या तर सगळ्यांत बरं. मनीप्लांटच्या बाटलीचं आणि फ्रिजमागच्या ट्रेचं पाणीही याच दिवशी बदला.

कोथिंबीर उगवतच नाही. मेथी उगवते पण लगेच पडते.

धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. लाटण्याने हलकेच रगडून दाणा दोन फाकांत मोकळा करा, पीठ करू नका. आठ ते दहा तास भिजवा, एक सेंटीमीटर खोल पेरा, वर झारीने पाणी द्या. आठ ते बारा दिवस लागतात आणि बहुतेक लोक सहाव्या दिवशी धीर सोडून माती उकरतात. ३५ ते ४० दिवसांनी कापणी. वाण्याकडचे जुने किंवा भाजलेले धणे उगवत नाहीत. मुंबईत ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा. मार्चनंतर उकाड्याने रोप लगेच फुलावर जातं.

मेथी तीन-चार दिवसांत उगवते. ती आडवी पडते कारण बी फार दाट पडलेलं असतं किंवा ऊन कमी असतं. चार इंच खोल ट्रे पुरतो, कापणी २० ते २५ दिवसांत. त्यापेक्षा सोपी समुद्रमेथी, बाजारात छोट्या जुड्यांनी मिळते ती वाळूतली कोवळी मेथी. ट्रेमध्ये निम्मी धुतलेली वाळू, निम्मं कोकोपीट, दाणे आठ तास भिजवून दाट पसरा, वर अर्धा इंच वाळूचा थर, आणि आठ-दहा दिवसांनी मुळासकट उपटून तीन पाण्यांनी धुवा. समुद्रावरची वाळू आणू नका, खारी असते. बांधकामाच्या दुकानातली नदीची वाळू घ्या.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. का?

रात्रीच्या उकाड्यामुळे. रात्रीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोची फळधारणा नीट होत नाही, आणि मुंबईत एप्रिल-मेच्या रात्री त्याहून गरम असतात. बी सप्टेंबरच्या अखेरीस पेरा, २५ दिवसांचं रोप १२ ते १४ इंची कुंडीत खोडाचा खालचा तिसरा हिस्सा मातीत गाडून लावा, काठीचा आधार द्या. फुलं नोव्हेंबरात येतात, फळं डिसेंबरच्या मध्यापासून. बंद बाल्कनीत वारा नसतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारा; पराग त्याच फुलात पडतो, मधमाशी लागत नाही.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नाही. दोन दिवस कोरडं, मग बादलीभर पाणी, असं केल्याने कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. रोज ठरावीक पाणी द्या. औषध फवारून काही होत नाही.

दसऱ्याला घरचा झेंडू आणि उन्हाळ्यात मोगरा हवा असेल तर?

झेंडू बियांपासून फुलापर्यंत साधारण ५५ ते ६५ दिवस घेतो. दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर असेल तर बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, छताखाली. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. फुलं आठवडाभर लांबतात पण एकाच्या जागी सहा-सात येतात. मागच्या वर्षीच्या तोरणातल्या फुलांचं बी चालतं, मात्र ती फुलं बहुधा संकरित असल्याने नवी फुलं लहान किंवा एकेरी निघू शकतात.

मोगऱ्याला जानेवारीच्या अखेरीस आठ-दहा दिवस पाणी तोडा, मग प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटा, जुनी पानं काढून टाका, दोन मुठी गांडूळखत आणि भरपूर पाणी द्या. मार्चपासून कळ्या दिसतात. गुलाबाची छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात.

जास्वंदीवर पांढरा कापूस धरतो. कडुलिंबाचं तेल मारूनही परत येतो.

तो पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असल्याने नुसतं तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि तेल पाण्यात मिसळलेलं नसेल तर फवारणीत आधी पाणीच पडतं, तेल शेवटी. आधी पाण्याच्या जोरदार धारेने आणि जुन्या दातघासणीने कीड काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली भांड्यांचा द्रवसाबण, नंतर ५ मिली कडुलिंबाचं तेल घालून दुधी होईपर्यंत हलवा. संध्याकाळी फवारा, उन्हात पानं भाजतात. पानांची खालची बाजू सोडू नका. दर पाच-सहा दिवसांनी तीन वेळा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. गोड चिकट रसासाठी मुंग्याच ही कीड एका फांदीवरून दुसरीकडे नेतात.

कबुतरं कुंड्या उकरतात.

नायलॉनची जाळी. बाकी चमकत्या सीड्या, प्लास्टिकची घुबडं वगैरे आठवडाभर चालतात, मग कबुतर त्या घुबडावर बसतं. जाळी लावणं शक्य नसेल तर कुंडीत दोन-दोन इंचांवर बांबूच्या काड्या उभ्या खोचा, बसायलाच जागा राहत नाही. वाळलेली विष्ठा झाडूने झाडू नका, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क लावून, पाणी मारून पुसा.

घरी विसर्जन केलेल्या शाडूच्या गणपतीची माती कुंडीत घालावी का?

घालता येते, पण जपून. शाडू ही अतिशय बारीक कणांची चिकणमाती. कुंडीत जास्त झाली की पाणी निचरत नाही. दहा भाग मिश्रणात एक भागाहून जास्त नको. बादलीतली माती बसू द्या, वरचं रंगीत पाणी काढा, गाळ पसरून वाळवा, फोडून चाळा. मूर्ती रंगवलेली असेल तर ती माती फुलझाडांना द्या, भाजीला नको. मूर्ती दोन दिवसांत विरघळली नाही तर ती शाडूची नव्हतीच, प्लास्टरची होती, आणि प्लास्टर कुंडीत घालू नये.

निर्माल्यातले दोरे, प्लास्टिकची सजावट काढून फुलं खताच्या बादलीत टाका. ओल्या फुलांच्या एका मापाला दोन मापं सुका पाला किंवा कोकोपीट. वास आला की सुकं कमी पडलं असं समजा.

मे महिन्यात पंधरा दिवस गावी जायचं आहे. झाडांचं काय?

शेजाऱ्यांकडे किल्ली देणं हा अजूनही सगळ्यांत भरवशाचा उपाय. ते नसेल तर सगळ्या कुंड्या उन्हातून हलवून भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर दोन इंच नारळाच्या शेंड्या किंवा सुका पाला पसरा. उंच स्टुलावर पाण्याची बादली, तिच्यातून सुती दोरीची एकेक वात प्रत्येक कुंडीत तीन इंच खोल. दोरी आधी पूर्ण भिजवा, नाहीतर पाणी चढत नाही. बादलीवर झाकण ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी हे चालू करून बघा. मे महिन्यात १२ इंची कुंडीला दिवसाला एक-दीड लिटर लागतं आणि वात तेवढं देत नाही. झाड जगेल, बहरणार नाही.

मुंबईत थंडी कुठे आहे? विणायचं तरी काय?

स्वेटर विणण्यापुरती थंडी वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे पडते, हे खरं. पण बाळाची टोपी-मोजे बारा महिने लागतात, एसीच्या ऑफिसात खांद्यावर घ्यायची सुती शाल लागते, आणि सुट्टीत हिमाचलला जाणारं घर दर वर्षी ऐनवेळी स्वेटर शोधतं. घरात रोज वापरायचं असेल तर सुती दोरा घ्या: भांडी घासायचे चौकोन, ताटाखालचे रुमाल, क्रोशाचं तोरण. साखळी आणि खांब हे दोन टाके जमले की क्रोशाची निम्मी कामं होतात.

सहा वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला मध्यम जाडीची २५० ते ३०० ग्रॅम लोकर लागते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या. नंतर आणलेला गुंडा दुकानात सारखा दिसतो आणि बाहीवर वेगळा उठून दिसतो.

पॅटर्नमध्ये ८ नंबरची सुई लिहिली आहे. आमची ८ नंबरची सुई वापरली तर सगळं लहान झालं.

नंबर दोन पद्धतींचे असतात. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर आहेत: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.७५ मिमी, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकी पॅटर्नमध्ये उलट: ८ म्हणजे ५ मिमी, १० म्हणजे ६ मिमी. नंबर विसरा, मिमी बघा. आजीच्या डब्यातल्या सुयांवर काहीच लिहिलेलं नसेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून पाहा.

पहिल्यांदा विणण्यासाठी बाळाच्या टोपीची सोपी कृती सांगाल?

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी, डोक्याचा घेर ३८ ते ४० सेंमी धरून. चार पदरी मऊ लोकर, ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. सुया ३.२५ मिमी.

आधी नमुना. ४० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी १२ सेंमी विणा आणि मधल्या १० सेंमीत टाके मोजा. २८ यायला हवेत. २६ आले तर टोपी जवळजवळ अडीच सेंमी सैल होईल, सुई एका मापाने बारीक घ्या. नमुना टाळून वेळ वाचत नाही, टोपी उसवण्यात दुप्पट जातो.

९८ टाके घाला. बॉर्डरसाठी एक सुलट, एक उलट असं ३ सेंमी. टाके सम असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते. मग एक ओळ सुलट, एक उलट, एकूण उंची ९ सेंमी होईपर्यंत. आता घट: १ सुलट, मग (१० सुलट, २ टाके एकत्र सुलट) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. ९० टाके उरतील. परतीची ओळ सगळी उलट. पुढच्या सुलट ओळीत कंसातले १० च्या जागी ९, त्यापुढे ८, असं दर सुलट ओळीत आठ टाके कमी करत जा. अकराव्या घटीनंतर १० टाके उरतात. दोरा वीतभर ठेवून कापा, मोठ्या सुईने त्या दहा टाक्यांतून ओवून घट्ट ओढा आणि त्याच दोऱ्याने मागची शिवण घाला. गोंडा, मणी, लांब बंद लावू नका. बाळ ते तोंडात घालतं.

टाके आपोआप वाढतात, कडा गुंडाळतात. कुठे चुकतं?

टाके वाढण्याची दोन ठिकाणं आहेत. ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिला टाका दोन पायांचा दिसतो आणि आपण त्याचे दोन विणतो. दोरा आधी खाली ओढा, मग विणा. दुसरं, सुलटवरून उलटला जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो; तो सुईवरून आला की जादा वेढा पडतो आणि खाली भोक दिसतं.

कडा गुंडाळणं ही चूक नाही. सुलट-उलट ओळींच्या विणीत टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते, त्यामुळे ती वळतेच. चारही बाजूंना चार-पाच टाके दोन्ही ओळींत सुलट विणले की कापड सपाट राहतं. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांतून एकेक पायरी वर चढवा, उसवायची गरज नाही.

घामाने लोकर सुईवर सरकत नाही. आणि पावसाळ्यात लोकरीला कुबट वास येतो.

दमट दिवसांत अॅक्रिलिक लोकर आणि प्लास्टिकच्या सुया ही सगळ्यांत चिकट जोडी. अॅल्युमिनियम किंवा स्टीलची सुई घ्या, हात पावडरीने कोरडे ठेवा. लोकलच्या लेडीज डब्यात विणायचं असेल तर तारेने जोडलेली गोल सुई बरी, शेजारणीला कोपर लागत नाही आणि सुई सीटखाली घरंगळत नाही.

लोकर ठेवताना ती पूर्ण कोरडी हवी. पाऊस सुरू होण्याआधी एका कोरड्या दुपारी पंख्याखाली पसरा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. त्यांची वाफ काही बाळांच्या लाल रक्तपेशींना अपाय करते. सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरतो. पावसात धुतलं तर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली आडवं वाळवा. अॅक्रिलिकला इस्त्री लावली की ते कायमचं लुळं पडतं.

कुंडीसाठी घरी शिंकं करता येईल का?

८ इंची कुंडीला अडीच मीटरचे चार दोर, ४ मिमी जाडीचे. कडीतून मधोमध दुमडा, आठ पदर होतील. ४५ सेंमी खाली दोन-दोन पदरांच्या चार गाठी, त्याखाली १२ सेंमीवर शेजारच्या जोड्यांतला एकेक पदर घेऊन चार गाठी, आणखी १० सेंमीवर आठही पदरांची एक मोठी गाठ. खोलीत सुती दोर छान दिसतो, पण पावसाच्या माऱ्यात तो आतून कुजतो आणि एके दिवशी कुंडी खाली येते. बाहेर नायलॉन वापरा, गाठी चटक्याने पक्क्या करा.

मुलांना ओहोटीच्या वेळी किनारा दाखवायचा आहे. वेळ कशी काढायची?

भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण कोकणातला जुना हिशेब मुलांना शिकवण्यासारखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला ८ चे पाऊण ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यांत दूरवर ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा खडक फारसे उघडे पडत नाहीत.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. पायात पकड असलेले बंद बूट, शेवाळावर चप्पल टिकत नाही. दगड उचलला तर तसाच परत ठेवा, खाली जीव असतात. शंख हातात घेऊ नका, काही विषारी असतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुग्यासारखे प्राणी वाहून येतात, मेलेले दिसले तरी डंख मारतात. डंख झाला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा. धाप लागली तर थेट रुग्णालय.

फ्लेमिंगो कधी आणि कसे बघावेत?

ठाणे खाडीत ते साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात, थव्यांची गर्दी जानेवारीनंतर. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात असतात, पाणी चढू लागलं की किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचायचं. वरचा हिशेब लावा: त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या सुमारास, तर साडेसातला तिथे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तिच्या फेऱ्याही भरती बघून ठरतात, आधी नोंदणी करा. साधी ८ बाय ४० दुर्बीण घराला एक पुरते.

कुठली बाग कधी बंद असते?

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद, घारापुरीही सोमवारी. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. झाडांची आवड असेल तर राणीच्या बागेत साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा जा. राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत. लहान मुलांना पुढे पळू देऊ नका, अंधार पडायच्या आत बाहेर या. तिथून रोप, बी, फांदी काहीही आणायला मनाई आहे.

थंडीत सकाळी फिरायला न्यावं की संध्याकाळी?

दमा किंवा खोकला असलेल्या मुलाला दुपारनंतर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडलेला असतो, थंड हवा खाली बसते आणि धूळ-धूर तिच्यातच अडकतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हवा मोकळी होते. ‘सकाळची हवा शुद्ध’ हे मुंबईच्या जानेवारीला लागू नाही.

पावसाळ्यात मुलांना घेऊन काय करता येईल?

धबधब्याखाली उभं राहणं सोडून पुष्कळ काही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. त्यापेक्षा बाजारात जा: जून-जुलैत वसई-पालघरकडच्या आदिवासी बायका शेवळं, टाकळा, फोडशी, कुर्डू घेऊन बसतात. कोणती भाजी कशी साफ करायची ते त्यांनाच विचारा. शेवळं खाजरी असतात, म्हणून काकड या रानझाडाची आंबट फळं किंवा चिंच सोबत घ्या.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची प्रतिबंधक गोळी वेळेत घेतली तरच उपयोगी.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवायला सोसायटीची परवानगी लागते का?

सोसायटीच्या नियमावर आहे. सेक्रेटरींना दोन दिवस आधी लेखी कळवलं तर किल्लीवरून वाद होत नाहीत. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. काच नसलेला सुती दोराच आणा. कठडा मुलाच्या छातीपेक्षा उंच हवा, पाण्याच्या टाकीवर कुणी चढायचं नाही, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आत पतंग खाली, कारण त्या वेळी पक्षी परतत असतात. खाली उतरताना झाडांत आणि तारांत अडकलेला जेवढा दोरा हाताला येतो तेवढा गुंडाळून कचऱ्यात टाका. विजेच्या तारेवरचा मात्र तसाच सोडा.